बिनतिखटाची प्लेट

१

तुकडा तुरीच्या दाण्याएवढा होता. वामनरावांनी तो जिभेवरून काढून बोटावर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि भर दुपारी 'न्यू शांघाय प्युअर व्हेज चायनीज'मध्ये अशी आरोळी ठोकली, की हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानातली माणसंही धावत आली.

"कोंबडी! माझ्या गाळ्यात, माझ्याच ताटात कोंबडी!"

गाळा त्यांचा होता हे खरं. मुधोळहून आलेल्या पंकजला तीन वर्षांपूर्वी तो देताना त्यांनी एकच अट घातली होती: मांस आणि अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. वामनरावांच्या गळ्यात बावीस वर्षांपासून तुळशीची माळ. पंकजनं अट पाळली, वर बोर्डावर हिरव्या रंगात रंगवूनही घेतली. त्या हिरव्या अक्षरांच्या भरवशावर गुडीहत्नूरच्या आसपासची माळकरी घरंसुद्धा शांघायला जाऊन जेवून येत होती.

तासाभरात संघपालला बोलावणं आलं. दुसरा शनिवार, कचेरीला सुटी, आणि तो पंख्याखाली नुकता आडवा झाला होता. महसुलाच्या मंडल कचेरीतल्या चौतीस वर्षांत सरकलेले बांध, पडलेली घरं, वीज पडून मेलेली गुरं, साऱ्यांचे पंचनामे त्यानंच लिहिले होते. त्यामुळे गावात काही बिघडलं की लोक पोलिसांच्या आधी त्याचं दार वाजवायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते. आता त्याला कुणाचंही काहीही शोधून द्यायचं नव्हतं. तरी तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

"या, संघपालबाबू," वामनराव म्हणाले. "तुमीच करा चौकशी. स्वयंपाकी तुमचाच पोरगा हाय."

"माझा?"

"म्हंजे तुमच्या समाजाचा. तुमी केली तं उद्या कोनी म्हननार नाई का वामनरावानं अन्याय केला. उद्या बारा वाजेपर्यंत सांगा. नाई तं हे पाहा." त्यांनी पिशवीतून नवंकोरं कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

"स्वयंपाकी कोन हाय ते पाहा ना आदी," दारातल्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं. संघपालनं वळून पाहिलं नाही. हे वाक्य त्याच्या इतक्या ओळखीचं होतं, की बोलणाऱ्याचं तोंड पाहायची गरज उरली नव्हती. त्याला फक्त थकल्यासारखं झालं.

स्वयंपाकी हर्षदीप भटारखान्याच्या दारात हात पुसत उभा होता. चोवीस वर्षांचा पोरगा, नागपूरला चार वर्षं चायनीजच्या भडकत्या शेगडीवर हात भाजून घेऊन हे काम शिकून आलेला. हा डाग त्याच्यावर बसला, तर इथून आदिलाबादपर्यंत कुणीही त्याला चुलीजवळ उभं करणार नव्हतं. ते त्यालाही कळत होतं.

"काय झालं, बाबू?" संघपालनं विचारलं.

"जय भीम, काका. चूक माझीच असंन. लावू द्या कुलूप."

"कशी चूक?"

"असंन काईतरी." एवढं बोलून तो आत गेला आणि घासलेली कढई पुन्हा घासू लागला.

चौतीस वर्षांत संघपालनं गुन्हा नाकारणारे शेकड्यानं पाहिले होते. आपणहून कबूल करणारा हा तिसरा. आधीचे दोघे निर्दोष निघाले होते.

२

"काका, सोयाबीनची वडी असंन हो," पंकज त्याच्या मागेमागे फिरत म्हणत होता. "माळेची शपथ घेऊन सांगतो, माझ्या गळ्यात नसली तरी."

संघपालनं डबे उघडले. कोबी, गाजर, शिमला मिरची, सोया सॉस, व्हिनेगर, शेजवानची लाल चटणी. फ्रिजमध्ये पनीर आणि कालच्या भाताचं पातेलं. कढई एकच. तिच्यात कधी मांस शिजलं असतं, तर त्याच्यासारख्या खाणाऱ्याला वासावरून तेव्हाच कळलं असतं. पंकज चोरून ट्रकवाल्यांना चिकन विकतो अशी एक कुजबुज बाहेर सुरू झाली होती, पण त्या भटारखान्यात एक हाड, एक पीस, अंड्याचं एक टरफल नव्हतं.

"कितीजण होते जेवायला?"

"तिघं. वामनरावदादा, कुसुमआजी आन त्याईची सून, सुवर्णाताई. मुलगा हैदराबादले राह्यते ना. तीन व्हेज फ्राइड राइस सांगतले. हर्षदीपनं पहिली प्लेट देली, म्हने, ही बिनतिखटाची हाय, आजीले द्या. मी टेबलावर नेऊन ठेवली, मंग बाकीच्या दोन आनाले आत आलो. प्लेटी घेऊन बाहेर जातो न जातो, तं दादा वराडले."

वामनरावांची प्लेट पुरावा म्हणून ताटाखाली झाकून ठेवली होती. संघपाल स्टूल ओढून बसला. गुडघे कुरकुरले. चमच्यानं भात बाजूला सारला तसे आणखी तुकडे निघाले, आठ-दहा. सगळे सारखे, तुरीच्या दाण्याएवढे, शिजून मऊ झालेले. कुणीतरी पाटावर बसून धारदार सुरीनं, घाई न करता कापले होते.

"चायनीजमदी चिकन असं कापतात?"

"नाई काका. लांब कापतात. एवढं बारीक कोन करत बसंन?"

संघपालनं एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. सोया सॉस वरवरचा होता. आत भाजलेलं खोबरं होतं, खसखस होती, धने होते, आणि पाट्यावर वाटलेल्या मसाल्याला येते ती किंचित दगडाची चव होती. त्याची आई गेल्यापासून ही चव त्याच्या घरात कुणी आणली नव्हती.

हे मांस या दुकानात शिजलंच नव्हतं. कुणीतरी ते घरून शिजवून आणलं होतं. आणि असा मसाला वाटणाऱ्या म्हाताऱ्या गुडीहत्नूरच्या बौद्धवाड्यात आता फार थोड्या उरल्या होत्या.

३

वामनराव संध्याकाळी भजनाला गेले, ते पाहून संघपाल त्यांच्या घरी गेला. सुवर्णानं चहा ठेवला. वामनरावांच्या पत्नी कुसुमबाई कोपऱ्यात पाटावर बसून जेवत होत्या.

"तुमच्या भावाले तो गाळा पाहिजे होता म्हनतात," संघपालनं सुवर्णाला सरळच विचारलं. "मोबाइलच्या दुकानासाठी."

सुवर्णाचा चेहरा उतरला. "गावात काईच झाकून राहत नाई. हो, पाहिजे होता. पन त्यानं बोथ गावाले दुकान टाकलं दोन महिन्याआदी. आता काऊन पाहिजे? काकाजी, मी कोंबडी घालीन का सासऱ्याच्या ताटात? मले नांदायचं हाय या घरात."

"बरं. जेवायला जायचं कुणी काढलं?"

"आत्याबाईनं. मलेच नवल वाटलं. लग्नाले नऊ वर्सं झाले, त्याईनं कधी काई मांगितलं नाई. परवा डोळ्याची पट्टी निघाली, तं म्हने, मले शांघायमदी जेवाले न्या. दिवाळीपासून शेतात जाऊन नाई राह्यल्या, गुडघे गेले. घरात बसून कटाळा आला असंन."

दुधात कुस्करलेली भाकर कुसुमबाई बोटानं चाटत होत्या.

"पंकजनं पहिली प्लेट आणली, मग काय झालं?"

"मी ते मामाजीपुढं सरकवली," सुवर्णा म्हणाली. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नसावं. "आमच्यात पयलं ताट त्याईचंच असते. हात आपोआप जाते."

"आणि काकी? काही म्हणाल्या?"

"म्हनल्या, तुमची प्लेट मले द्या, माझ्यात तिखट लागते. मामाजी हासले. म्हने, तुझी तं अजून आलीबी नाई, तिखट कुठून लागलं? आन पयला चमचा तोंडात टाकला."

संघपालच्या हातातला कप बशीवर टेकला. त्यानं कुसुमबाईंकडे पाहिलं. त्यांचं बोट वाटीत थांबलं होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. शेजारच्या कोनाड्यात पाण्याच्या पेल्यात नवी कवळी पडून होती, न वापरलेली.

रस्त्यावर येऊन तो पुलाच्या कठड्यावर बसला. कापसाच्या गाड्या, नागपूरकडे जाणारे ट्रक, सगळं समोरून जात होतं. त्याला उत्तर मिळालं होतं. ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

४

रविवारी सकाळी तो बौद्धवाड्यात मनकर्णाबाईकडे गेला. मनकर्णा म्हणजे हर्षदीपची आजी. उभा जन्म वामनरावांच्या वावरात कापूस वेचला, आता कंबर मोडल्यामुळे बाजेवर. बाजेखाली पाटा धुऊन उभा करून ठेवला होता. संघपाल पाट्याकडे पाहत बाजेशेजारी टेकला.

"माय, परवा मसाला वाटला होता ना?"

"वाटीन नाई तं काय करीन? हात अजून चालते माझे."

"कोंबडीबी बारीक केली. तुरीएवढी."

म्हातारी कोपरावर रेलून थोडी उठली. "तू मोठा साहेब असशीन तुह्या कचेरीत," ती म्हणाली. "मी काई सांगत नाई. पोरालेबी बाबासाहेबाच्या फोटोपुढं उभं करून शपथ देली हाय, जीव गेला तरी नाव घेजो नोको म्हून."

"तुझ्या पोराची चूल बंद होईल, माय. त्याचं नाव खराब होईल."

"मले का समजत नाई? रातभर डोळ्याले डोळा नाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्यालेच दुसऱ्याच्या दुकानात नेजो म्हनलं, ते माझं चुकलं. त्याचं काई नाई. पन दिवाळीपासून भेट नाई रे आमची. आता दोघींपैकी कोन किती दिवस हाय, कोनाले ठाऊक?"

संघपाल उठला. दाराशी पोचला तसा मागून आवाज आला.

"संघपाल, एक सांग. तिच्या तोंडात घास गेला का?"

"नाही, माय," तो म्हणाला. "घास दुसऱ्यानंच घेतला."

५

बारा वाजता न्यू शांघायमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वामनराव कुलूप मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी सुवर्णा, तिच्या आधारानं आलेल्या कुसुमबाई. हर्षदीप भटारखान्याच्या दारात, पिशवी भरून तयार.

संघपालनं रात्रभर विचार करून ठरवलं होतं, की जेवढं सांगितल्याशिवाय पोरगा सुटत नाही तेवढंच सांगायचं. नाव घ्यायचं नाही.

"मांस इथं शिजलेलं नाही," त्यानं सुरुवात केली. "भटारखाना मी पाहिला, तुम्हीही पाहा. मसाला पाट्यावरचा आहे, घरचा. म्हणजे पंकजनं अट मोडून धंदा केला, हे खोटं."

"घरचा म्हंजे याच्याच घरचा ना?" वामनरावांनी हर्षदीपकडे बोट केलं. "मले बाटवाले आनलं."

"बाटवायचं असतं तर एक तुकडा पुरे होता, वामनराव. अख्खा. हे तुकडे तुरीएवढे केलेत आणि लोण्यासारखे शिजवलेत. एवढे कष्ट कुणी दुसऱ्याचा धर्म बुडवायला घेत नाही. एवढे कष्ट माणूस आपल्या माणसासाठी घेतो." त्यानं श्वास घेतला. "आणि ती प्लेट तुमच्यासाठी नव्हतीच. पंकजनं ती तुमच्यापुढे ठेवली नव्हती. ती तुमच्यापुढे आली, कारण तुमच्या घरात पहिलं ताट तुमचं असतं. पोरानं तुम्हाला काही केलेलं नाही. त्यानं इथं डबा आणायला नको होता, एवढीच त्याची चूक."

"मंग कोनासाठी होती?"

"ते मी सांगणार नाही. माझी चौकशी संपली."

आपण शहाणपणा केला असं त्याला क्षणभर वाटलं. मग त्यानं पाहिलं, की वामनराव हिशेब लावताहेत. टेबलावर तिघंच होते. एक ते स्वतः. त्यांची मान हळूहळू सुवर्णाकडे वळली. सारं दुकानच तिच्याकडे वळलं.

"तू?" वामनराव म्हणाले. "म्हून माह्याकडं सरकवली का, कोनाले संशय नको म्हून? आन तुझ्या भावाले गाळा..."

"मामाजी, नाई हो, पोराची शपथ..." सुवर्णा अर्धवट उठून म्हणाली.

संघपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाला सोडवायला अर्धं खरं बोललो आणि ते नेमकं ज्या बाईचा काही संबंध नव्हता तिच्या डोक्यावर जाऊन पडलं. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावर हात टेकून कुसुमबाई उभ्या राहिल्या.

"तिले काऊन बोलता? ते प्लेट माझी होती."

आवाज अगदी बारीक होता, पण बाहेरच्या पायरीपर्यंत ऐकू गेला.

"माझ्या तोंडात दात नाई म्हून मनकर्णानं बारीक केली. मी सांगतलं होतं तिच्या नातवाले, आपल्या दारावरून जाता-येता. पोरगं नाई म्हनत होतं. मीच जीव खाल्ला त्याचा."

"मनकर्णाच्या घरचं?" वामनरावांनी मांडीवरचं कुलूप घट्ट धरलं. "तू... मनकर्णाच्या घरचं?"

"आजचं नाई हो. पंचवीस वर्सं वावराच्या धुऱ्यावर बसून तिच्या डब्यातलं खाल्लं. कवा झुनका, कवा मटन. माझ्या डब्यातलं तिनं. बाटली असंन तं कवाचीच बाटली मी."

"आन माझी माळ?"

"तुमच्या गळ्यात हाय ना. म्या कुठं तोडली?" कुसुमबाई थांबल्या नाहीत. "माळ तुमी घातली, तोंड माझं बंद झालं. मले कोनी इचारलं? मी बाविस वर्सं तुमच्या चुलीवर तुमच्या अटीनं रांधलं. एका चमच्यात वळखलं ना तुमी काल, का कोंबडी हाय म्हून? बाविस वर्सं झाले तरी तुमच्या जिभेले याद राह्यली. मंग मले राह्यली तं ते पाप?"

पंक्चरवाला गर्दीतून हळूच मागे सरला, त्याच्यामागे आणखी दोघे. कालचं ते स्वयंपाक्याचं वाक्य बोलणारा कोण होता ते संघपालला शेवटपर्यंत कळलं नाही, पण आज त्याचा आवाज आला नाही.

वामनरावांनी मांडीवरच्या कुलपाकडे पाहिलं. एकाएकी ते फार म्हातारे दिसू लागले. मग त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं आणि कुणाकडेही न पाहता घराच्या दिशेनं चालू लागले. सुवर्णानं सासूचा हात धरला. आज पहिल्यांदा दोघी त्यांच्या मागून न जाता थोडं थांबल्या, पाणी प्यायल्या आणि मग निघाल्या.

हर्षदीपनं पिशवी खाली ठेवली. "काका, काई करून देऊ तुमाले?"

"साधा वरणभात असेल तर दे."

"वरण नाई ना शांघायमदी."

"मग भातच दे," संघपाल म्हणाला. "बिनतिखटाचा."

६

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संघपाल कोपऱ्यातल्या टेबलावर सूप पीत बसला होता. बोर्डावरची हिरवी अक्षरं तशीच होती आणि चूलही पेटलेली होती. गिऱ्हाइकं मात्र पहिल्यासारखी नव्हती. पंकज म्हणायचा, येतील हळूहळू. महिनाभरात वामनराव बायकोशी दहा वाक्यंही बोलले नव्हते, असं गाव सांगत होतं. गावाला हेही कसं कळतं, कोण जाणे.

साडेबाराला तिघं आत आली. वामनराव, कुसुमबाई, सुवर्णा. त्याच टेबलावर बसली. पंकज इतका घाबरला, की ऑर्डर घ्यायला वही उलटी धरून गेला. तीन फ्राइड राइस. आत कढईवर झारा वाजत होता.

पंकजनं पहिली प्लेट आणली आणि कुठं ठेवावी ते न सुचून टेबलाच्या मधोमध ठेवून पळाला. सुवर्णाचा हात सवयीनं पुढे झाला, प्लेटीच्या काठाला लागला आणि अडखळला.

वामनरावांनी तिचा हात बाजूला केला. प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि कुसुमबाईंपुढे ठेवली. तिच्यात काय आहे ते त्यांनी पाहिलं नाही. तोंड रस्त्याकडे फिरवून ते नागपूरकडे जाणारे ट्रक बघत बसले.

"खा," ते म्हणाले. "निवून जाईन."

आत झाऱ्याचा आवाज थांबला होता. कुसुमबाईंनी चमचा उचलला.